नवसाचं जावळ अन् दिग्याचं डोकं

मंडळी, एक विचारतो, खरं सांगा. देवाला दिलेला शब्द मोडला, तर देव कोपतो का? ...माना डोलावल्या! कोपतो म्हणता? बरं, मग हौसाक्काचं ऐका, त्यानंतर पुन्हा विचारतो.

बोरखिंडीची ही हौसाक्का. जीभ तिखट, अन् भक्ती त्याहून तिखट! लेकाच्या घरी पाळणा हलेना, तेव्हा ही डोंगराईपुढं पदर पसरून उभी राहिली. "आई, नातू दे! त्याच्या जावळाला घरात कात्री लागू देणार नाही. चैती जत्रेत तुझ्या पायरीवरच काढीन!"

देवीनं ऐकलं. नातू झाला, दिगंबर! लाडाचा दिग्या! पहिली जत्रा सुतकात गेली, म्हणून जावळ दुसऱ्या जत्रेपर्यंत राखलं. मानेवर रुळतंय, तेल थापून थापून त्याच्या जटा झाल्यात, अन् आजीला त्याचंच कौतुक!

उन्हं तापली. आधी मानेवर पुरळ उठलं, मग केसांत गळवं! एक फुटलं की शेजारी दुसरं. पू वाळतोय, केस चिकटताहेत, पोर खाजवून खाजवून रडतंय. हौसाक्काचं औषध काय? अंगारा! "देवीचं आहे गं, पाणी लावायचं नसतं." झालं, आंघोळ बंद!

हसू नका, मंडळी! तुमच्या घरची अंगाऱ्याची पुडी मला ठाऊक आहे.

पोराला सणकून ताप भरला. दूध तोंडाला लावीना. सून मंदा एवढीशी बाई, पण त्या दिवशी उभी राहिली. "आत्याबाई, मी दवाखान्यात चालले. येताय का?" म्हातारी बडबडत निघाली, पण निघाली!

डॉक्टरीणबाईंनी केस बाजूला केले अन् स्वतःच्याच कपाळावर हात मारला. "आजी, हा कोप नाही, जखमा चिघळल्यात. औषध देते, पण या जटांखाली ते पोचणार कसं? केस आजच काढा."

"अहो, जत्रा तोंडावर आलीय!"

"तोवर विष अंगात भिनलं तर?"

घरी आले. अंगणात शेजारणी जमल्या. "हौसाक्का, नवस मोडू नको! पोर जाईल!" मंदानं कात्री घेतली, पोराला मांडीवर ओढलं. तेवढ्यात हौसाक्कानं कात्री हिसकावली! सगळ्यांना वाटलं, आता देते भिरकावून.

"सर बाजूला! नवस मी बोलले, मोडायचा तर मीच मोडीन. तुझ्या माथी नको." अन् देव्हाऱ्याकडं वळून म्हणते कशी, "डोंगराई! पोर तू दिलंस. आता ते राखू का केस राखू? राग आला तर ही माझी म्हातारी मान घे. पण पोराकडं डोळे वटारलेस, तर गाठ माझ्याशी आहे!"

देवीला दम, मंडळी! साक्षात देवीला!

कच्! जटा पडल्या. कोमट पाणी, साबण, वर मलम. नखं काढली, पंचा वेगळा केला. गळू पिळायचं नाही म्हणजे नाही. अन् ताप उतरला तरी औषध मध्येच सोडलं नाही! खपल्या गळाल्या, अन् एके सकाळी दिग्या चुलीपुढं बसून ओरडला, "आजी, भाकल!" म्हातारी भाकरी थापता थापता रडली.

जत्रा आली. पायरीवर गुरवानं विचारलं, "आक्का, जावळ कुठंय?" सगळी जत्रा कान टवकारून उभी! हौसाक्कानं चकोट दिग्याला दोन्ही हातांवर उचलला. "अख्खं डोकं आणलंय देवीपुढं! केस कसले मागतोस?"

गुरव खळखळून हसला. त्या गुळगुळीत डोक्यावर त्यानं भंडारा उधळला अन् गरजला, "वाजवा रे संबळ!"

आता पुन्हा विचारतो. देव कोपतो का? कोपतो, मंडळी! लेकरू तापानं फणफणत असताना आपण मुहूर्त बघत बसतो ना, तेव्हा कोपतो! उद्या उठल्या उठल्या पोरांच्या केसांत बोटं घालून बघा. पुरळ दिसलं, गळू दिसलं, अंग तापलं, तर थेट दवाखाना गाठा! अन् नवस आड आला, तर खुशाल मोडा. ती आई आहे. लेकरू वाचवलं म्हणून कुठली आई रागावेल?

म्हणा मग, डोंगराईचा उदो उदो!... हं, लेकीसुनांचा आवाज आला. आज्यांनो, तुम्ही का गप्प?