लोणच्यावरची मिशी

मंडळी, ऐका! कीर्तनाला येऊन मागं खांबाला टेकून बसलेले, हो, तुम्हीच, डोळे उघडा. प्रश्न विचारतोय! देवळात सगळेच खरं बोलतात. इथं खोटं बोलून मिळणार काय? खडीसाखर! पण बाहेर पडलं, चपला घातल्या, दुकानात बसलं... मग? ज्या कामावर घरची चूल पेटते, त्या कामात खरं धरून राहता येतं का? का खरं म्हणजे साबुदाण्याची खिचडी, फक्त उपासाला?

बघा! आता कुणी माझ्याकडं बघेना! असू दे. एका सुनेची गोष्ट सांगतो.

जयसिंगपूरच्या शेट्यांची सून, गिरिजा. लग्नानंतरही पुण्यात जाहिरातीच्या कंपनीत डिझायनर होती. डिझायनर म्हणजे काय हो आजी? बिस्किटाच्या पुड्यावर चित्र असतं ना, ते काढणारी! एकदा साहेबानं सांगितलं, "गोरं करणाऱ्या मलमाची जाहिरात कर." बाई स्वतः सावळी! तिनं आरशात बघितलं, स्वतःशीच हसली, आणि नोकरी सोडून सासरी आली.

नवरा शाळेत मास्तर. तो म्हणाला, "वर्षभर घरून करून बघ. नाही जमलं तर परत नोकरी." माडीवर टेबल मांडलं, कॉम्प्युटर आला, बाईंचा फ्रीलान्स धंदा सुरू! आता फ्रीलान्स म्हणजे आपणच मालक अन् आपणच शिपाई. पण गल्लीला वाटलं, 'फ्री' आहे म्हणजे फुकट आहे! "गिरिजा, बारशाची पत्रिका करून दे की!" "गिरिजा, आमच्या दादाच्या वाढदिवसाचा फलक!"

करायची बिचारी. पण तिचे दोन नेम होते. जे नाही ते काढायचं नाही. आणि ज्याचं चित्र काढायचं, त्याला विचारल्याशिवाय काढायचं नाही. नेम चांगले हो! पण गिऱ्हाईक? दादाच्या फोटोमागं वाघ उभा करायला नाही म्हणाली, दादा दुसरीकडं गेला!

वर्ष सरत आलं. आणि एक दिवस दारात गाडी थांबली. लोणच्याच्या कारखान्याचे मालक, धनपाल मगदूम! म्हणाले, "बाई, बरणीवर चित्र पाहिजे. नऊवारीतली आजी, पुढ्यात चूल, हातात रवी..."

"लोणच्याला रवी?"

"बरं, पळी! वर लिहा, 'आजीच्या हातचं'. हे जमलं, तर पुढच्या सगळ्या मालाची चित्रं तुमच्याकडं."

गिरिजाचा चेहरा फुलला. तरी तिनं विचारलंच, "आजी कुणाची? तुमची?"

"आमची आजी? तिला आंबट चालायचं नाही! तिनं जन्मात लोणचं घातलं नाही."

"मग नाही काढता येणार. नाही ती आजी मी आणू कुठून?"

मगदूम उठले! आणि तेवढ्यात, मंडळी, आतून एक आवाज आला, "माझंच काढ की गं!"

कोण? सासूबाई! गौराबाई! पदर नीट करत, केस चापून बसवत बाहेर आल्या. "मी काय आजी न्हाई? दोन नातवांची हाय!"

"आत्याबाई, तुम्ही आजी आहात. पण त्यांचं लोणचं तुम्ही घातलंय का?"

"न्हाई घातलं, तर चाखते तरी! चला हो मालक, दावा कारखाना!"

मगदूमांना हसू आवरेना. तिघंही गेली कारखान्यात. गौराबाईंनी फोड तोंडात टाकली. डोळे मिटले. गिरिजाला वाटलं, आता भांडण! कारण गल्लीतलं एकही लोणचं या बाईनं नावं न ठेवता सोडलेलं नव्हतं. आणि गौराबाई म्हणाल्या, "आगं बया! हे माझ्यापरीस बरं झालंय!"

सासू! सुनेसमोर! देव असल्याचा दुसरा पुरावा काय पाहिजे?

"घातलं कुणी?" त्या म्हणाल्या. मगदूमांनी बोट दाखवलं.

पत्र्याच्या शेडखाली भल्यामोठ्या परातीपाशी एक डोंगर बसला होता. मोडलेले कान, टोकाला पीळ दिलेल्या मिशा, कोपरापर्यंत मसाल्यानं लाल झालेले हातमोजे. रावसाहेब चौगुले. एकेकाळचा पैलवान! गुडघा निखळला, कुस्ती सुटली, आता तेच हात कैरीला मसाला चोळत होते. इतक्या नाजूकपणे चोळत होते, जणू लेकराला न्हाऊ घालताहेत!

गिरिजा टक लावून बघत राहिली. आणि एकदम ओरडली, "मालक! हीच तुमची आजी!"

"मिशांवाली?"

"हो! 'पैलवानाच्या हातचं लोणचं'! एकदा वाचलं की कुणी विसरणार नाही."

मगदूम आधी दचकले, मग हसले, मग मांडीवर थाप मारली. "काढा! आत्ता काढा! माणूस माझाच आहे!"

"माणूस तुमचा असेल. चेहरा त्यांचा आहे." पिशवीतून पेन्सिल काढत ती रावसाहेबांकडं वळली. "दादा, काढू का तुमचं चित्र?"

"नको." रावसाहेबांनी मान खाली घातली. "ताई, गावाकडं सांगितलंय, गेटवर राखण करतो म्हणून. मैदान गाजवलेला गडी बायकांची कामं करतोय, हे कळलं तर तोंड दाखवता यायचं नाही."

मंडळी, आता बघा हं! काम हातात आलेलं. मालक खूश. एक चेहरा काढायचा, जरा नाक बदललं असतं तरी कुणाला कळणार होतं? पण गिरिजानं पेन्सिल पिशवीत ठेवली. म्हणाली, "मग नाही काढायचं. मालक, येते मी."

गौराबाई मात्र हलल्या नाहीत. रावसाहेबांपुढं बसकण मारून विचारलं, "शिकलास कुणाकडं रं?"

"आईकडं. ती खाटेला खिळलेली. बहीण न्हाई. ती तिथनं सांगायची, मी करायचो. 'मीठ हातानं बघ, बाळा, डोळ्यानं बघू नको.'"

"मग लाज कशाची वाटती? आईनं शिकवलेल्याची?"

पैलवानाचा परातीतला हात थांबला. मग त्यानं हातमोजे काढले, मिशीला पीळ दिला आणि म्हणाला, "उद्या फेटा बांधून येतो. मग काढा."

चित्र झालं! बरण्या बाजारात गेल्या. लोक हसत उचलत आणि घरी नेऊन चाटून पुसून संपवत. पण रावसाहेबांची धडधड वेगळीच. गावची यात्रा आली, कुस्तीचं मैदान भरलं, आणि कडेलाच मगदूमांनी लोणच्याचा स्टॉल लावलेला! मिशा गावभर झाल्या. रावसाहेब गर्दीत मागं उभे. भोंग्यातून त्यांना कुस्ती शिकवणारे म्हातारे वस्ताद ओरडले, "राव्या! आत ये!"

सगळ्या माना वळल्या. रावसाहेब लंगडत लाल मातीत आले. वस्तादांच्या हातात भाकरी, भाकरीवर फोड. त्यांनी घास खाल्ला, बोटं चाटली, आणि म्हणाले, "लेका, हे येत होतं, तर तालमीत आम्हाला इतकी वर्षं कोरडी भाकरी का चारलीस?"

अहो, हशा! शिट्ट्या! हलगी कडाडली! पोरांनी रावसाहेबांना खांद्यावर घेतलं. उचलायला आठ जण लागले, तरी घेतलं! आणि स्टॉलपाशी आलेल्या सासू-सून एकमेकींचे हात धरून रडत होत्या, हसत होत्या. गिरिजाला परत नोकरी धरावी लागली का? विचारायलाच नको. 'खरं तेच काढणारी बाई' म्हणून दूरदूरची गिऱ्हाईकं यायला लागली. वाघवाला दादासुद्धा आला, वाघाविना!

आता तुमच्याकडं वळतो. दूधवाले, मान खाली घालू नका, मी पाण्याचं नाव काढलेलं नाही! प्रत्येक वेळी खऱ्याला गिऱ्हाईक मिळेल, अशी हमी मी देत नाही. गिरिजालाही कुणी दिली नव्हती. ती पेन्सिल ठेवून निघाली, तेव्हा पुढं मैदान आहे हे तिला कुठं ठाऊक होतं? मिळेल म्हणून नव्हे, पटतं म्हणून धरतात, त्याला नेम म्हणतात! देवाच्या पायाशी फूल वाहता, ते ताजं बघून, निवडून वाहता ना? मग उद्या सकाळी आपलं काम माणसांच्या हातात द्याल, तेही तसंच निवडून द्या. तीही पूजाच आहे, आणि तिथं घंटा वाजवायला गुरव नसतो.

हं, मृदंगबुवा, चढवा! आणि मंडळी, देवाचं नाव असं मोकळ्या गळ्यानं घ्या, की उद्या दुकानाचं दार उघडताना तेच नाव घ्यायला जीभ अडखळू नये!