लेट गाडीतली सीट

भिया, गाडी लेट झाली की तुम्ही नुसते बोंबलता. जर्मनीत माझा तर जीव जायची पाळी आली होती. मी कामाला होतो ती इंदूरची मिल बंद पडल्यावर आम्ही नवरा-बायको तिकडे मुलाकडे राहत होतो. एकदा दोघंच घरी परतताना गाडी एका स्टेशनात अडकून पडली. माइकवर जर्मनमध्ये काहीतरी गिटपिट झाली अन् अख्खा डबा चुपचाप उतरला.

ही म्हणाली, ‘‘अहो, आपणही उतरू या.’’

मी डाफरलो, ‘‘बस गप! लेट गाडीत सीट सोडतं का कुणी? परत येईपर्यंत दुसरा पसरलेला असतो.’’ इंदूरची आदत, दुसरं काय!

तेवढ्यात दारं बंद झाली, लाइट गेले अन् गाडी थेट रिकाम्या गाड्या ठेवायच्या एका अंधाऱ्या शेडमध्ये जाऊन थांबली. दार काही उघडेना. काच बडवून माझे हात सुजले.

‘‘पोराला कसं कळणार आपण कुठं आहोत?’’ ही रडायलाच लागली.

शेवटी एक झाडूवाली बाई चढली. आम्हाला बघून तीच किंचाळली अन् दाराकडे बोट दाखवून ओरडायला लागली. मी भीतीनं सीटच घट्ट धरून बसलो. तेव्हा हिनं मला दंडाला धरून ओढलं.

‘‘चला आता! नाही बसत कुणी तुमच्या जागेवर!’’