उजवा सहा-साठ, डावा सहा-छत्तीस

नाही नाही, तिथं नको — बाकावर नको, इकडे खुर्चीत या. बाक तसा मोकळाच आहे, पण एक वाजता लागतो तो. आता किती झाले? सव्वाबारा. मग आहे वेळ, बसा. फॉर्म आणलाय? द्या. बस डेपोचाच ना — ओळखतो हो, तीस वर्षं हाच फॉर्म भरतोय, त्यांनी कागद बदलला नाही आणि मी शाई बदलली नाही. ‘दृष्टी निर्दोष असून वाहन चालविण्यास पात्र.’ कुठल्या नंबरवर घेणारेत तुम्हाला? चार? स्टेशन ते मोठा दवाखाना, चार? हं. नाही, काही नाही, खोकला आला.

नुसती सही? असं कोण म्हणालं, की इथं नुसती सही मिळते? डेपोत? काय लोक असतात बघा. देत होतो, खोटं कशाला बोलू, एका माणसाला देत होतो. म्हणजे तपासून देत होतो, पण त्या तपासण्याला काही अर्थ नव्हता. आता नाही. आता माझ्या सख्ख्या भावाला देणार नाही — तो मागणारही नाही म्हणा, वाटण्या झाल्यापासून आम्ही बोलत नाही. तर तो पडदा दिसतोय ना, भिंतीवरचा? त्याच्यामागं अक्षरांचा तक्ता आहे. तुम्ही नीट बसलात, तयार झालात, की मी पडदा सारणार, आणि झालं की परत ओढणार. गिऱ्हाइकं हसतात. हसू देत. तक्ते चार आहेत माझ्याकडे आता, रोज वेगळा लावतो. पूर्वी एकच होता, दुकान उघडलं तेव्हाचा, कडा पिवळ्या झालेला. आणि त्याच्या बरोबर समोर हा बाक.

आता बाकावर कोण बसायचं, तर कप्तान. नाव वेगळं आहे त्याचं, पण गावात त्याला कप्तानच म्हणतात, कारण बस स्टॉपवर लागली की तो भोंगा असा वाजवायचा की जहाजच धक्क्याला लागलंय. चार नंबर, बावीस वर्षं. एक ते दोन त्याची जेवणाची सुट्टी. घरी जायला वेळ पुरायचा नाही, म्हणून डबा घेऊन इथं. बावीस वर्षं, रोज, एक तास, तक्त्यासमोर. आणि मी दिवसभर काय करतो? गिऱ्हाईक चुकलं की दुरुस्त करतो. ‘ठ नाही हो काका, ट. पुन्हा बघा. ट, ग, र, व, च.’ हे त्याच्या कानावर किती वेळा गेलं असेल, करा हिशोब. शेवटची ओळ, जी मला स्वतःला चष्म्याशिवाय लागत नाही, ती तो घास चावता चावता म्हणायचा. दरवर्षी फॉर्म आला की मी म्हणायचो, वाच. तो म्हणायचा, घे. आणि घडाघडा. मी लिहायचो — सहा-सहा, निर्दोष. मित्र म्हणून अभिमानसुद्धा वाटायचा हो. गिऱ्हाइकांना सांगायचो, याला म्हणतात नजर.

कसं कळलं? सांगतो ना, शहरात कळलं. मोठं शहर बघायचं हे आमचं वीस वर्षांचं चाललं होतं — या वर्षी जाऊ, पुढच्या वर्षी जाऊ. कधी त्याची रजा नाही, कधी माझ्या मुलीचं लग्न. शेवटी गेल्या वर्षी वहिनीच — म्हणजे कप्तानाची बायको — म्हणाली, एकदाचे जाऊन या आणि तो विषय संपवा. आमच्या हिनं डबा भरून दिला आणि सांगितलं, दोघं जाताय, दोघंच परत या. चार दिवस. मी माहितीचं पुस्तक आणलं होतं, नकाशासकट. गाडीत सहा तास तेच वाचून दाखवलं त्याला. तो डोळे मिटून ऐकत होता. मला वाटलं, झोपलाय. झोपला नव्हता.

पहिला दिवस बरा गेला. पाट्या सगळ्या मीच वाचत होतो. ‘तुझा धंदाच आहे तो, तू वाच’ — असं म्हणायचा, आणि मी वाचायचो, मला काय, बरंच वाटतं. जिन्यावरून उतरताना माझ्या खांद्यावर हात. म्हटलं, गुडघे. आमच्या वयात गुडघेच असतात. दुसऱ्या दिवशी चित्रांचं संग्रहालय. मी आपला प्रत्येक चित्राखालची माहिती वाचतोय, आणि वळून बघतो तर हा एका कोपऱ्यात, हात मागं बांधून, मान तिरकी करून उभा. तीन-चार मिनिटं. मग मला म्हणाला, ‘हे सगळ्यात आवडलं बुवा. लाल रंग काय लावलाय!’ ते आग विझवायचं सामान होतं. काचेच्या पेटीतलं, नळी गुंडाळून ठेवलेली. मी हसून हसून बेजार. हा माणूस मुळात मस्कऱ्या, म्हटलं, करतोय गंमत. तोही हसला. माझ्याहून जरा उशिरा हसला, ते मला नंतर आठवलं.

मग मनोरा. शहरातला सगळ्यात उंच. वरती गच्चीला कठडा आणि कठड्याला त्या मोठ्या दुर्बिणी बसवलेल्या — माहिती असतील तुम्हाला, नाणं टाकलं की आतली झडप उघडते आणि थोडा वेळ दिसतं. नाणं टाकलं नाही तर आत काळाकुट्ट अंधार. मी म्हटलं, तू आधी बघ. तो वाकला, डोळे लावले, आणि मी खिशात नाणं शोधतोय. सुरू झाला की गडी! ‘अरे वा वा! काय नदी आहे! आणि तो पूल, सात कमानींचा, आणि पलीकडे घड्याळाचा बुरूज, आणि बोटी बघ, पांढऱ्या —’ सात कमानी, घड्याळाचा बुरूज, पांढऱ्या बोटी. पुस्तकाचं पान एकेचाळीस. शब्दन् शब्द, मी गाडीत वाचला होता त्याच क्रमानं. आणि नाणं माझ्या हातात होतं.

तीस वर्षं लोकांचे डोळे बघतोय, आणि जो रोज समोर बसतो त्याचे बघितले नाहीत. आत अंधार होता, आणि त्याला वाटलं, अंधार आपलाच आहे. त्यानं झाकून घेतलं. मी नाणं खिशात परत टाकलं आणि म्हटलं, हो रे, झकास दिसतंय. खाली उतरताना जिना दोनशे बारा पायऱ्यांचा. मी मोठ्यानं मोजत उतरलो. त्यानं विचारलं नाही, का मोजतोयस.

आता पुढचे दोन दिवस — हे मी कुणाला सांगितलं नाही, हिलाही नाही — पुढचे दोन दिवस मी तोंड बंदच केलं नाही. सगळं बोलत सुटलो. ‘डावीकडे मोठी बाग आहे, एक बाई छत्री घेऊन बसलीय, उन्हाला, पाऊस नाही. समोर पुतळा, घोड्यावर, घोड्याचा एक पाय वर, डोक्यावर कबूतर.’ घोड्याच्या नाही, माणसाच्या. एरवी मी असं बघतसुद्धा नाही हो. नुसतं पुस्तकात आहे तेवढं बघायचं आणि पुढं जायचं. आणि तो विचारायचा, ‘छत्री कुठल्या रंगाची?’ त्याला कळलं होतं मला कळलंय ते. मलाही कळलं होतं त्याला कळलंय. पण बोलायचं छत्रीबद्दल. खरं सांगू? सगळ्या सहलीत तेच दोन दिवस चांगले गेले.

परतीच्या गाडीत बोलला. म्हणाला, चार-पाच वर्षं झाली, मधोमध धुकं दिसतं, कडेकडेनं दिसतं. म्हणाला, आठ महिने राहिलेत निवृत्तीला. आणि म्हणाला, रस्ता पाठ आहे मला. मी म्हटलं, रस्ता पाठ असतो रे, रस्त्यावरची माणसं पाठ नसतात. त्यावर तो खिडकीबाहेर बघत बसला. बघत म्हणजे — असो. गावात आल्यावर मी नवा तक्ता आणला, कपाटातून काढला तो थेट समोर धरला, तपासलं, आणि आकडे त्याला मोठ्यानं वाचून दाखवले. उजवा सहा-साठ. म्हणजे तुम्हाला जे साठ मीटरवरून वाचता येतं त्यासाठी त्याला सहा मीटरवर यायला लागतं. डावा सहा-छत्तीस. मोठ्या डॉक्टरकडेही नेलं, ते म्हणाले, आतला पडदाच झिजलाय, काचेचं काम नाही.

मग काय मग? फॉर्म आला. त्यानं तो इथं काउंटरवर ठेवला. मागितलं असतं तर नाही म्हटलं असतं मी. मागितलंच नाही. मी सही केली. असं बघू नका माझ्याकडे. बावीस वर्षं डबा खाल्लाय आम्ही एकत्र. सही केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला चार नंबरमध्ये जाऊन बसलो, त्याच्या पाठीमागच्या सीटवर. आणि हळू आवाजात सुरू केलं. ‘डावीकडे सायकल. पुढं हातगाडी, थांबलीय. म्हातारा उतरतोय रस्त्यात, थांब, थांब — गेला.’ एकोणीस दिवस. दुकान फक्त एक ते दोन उघडायचो. ही म्हणाली, तुम्हाला वेड लागलंय. कंडक्टरला वाटलं, त्या रस्त्यावर माझं कुणीतरी आहे, तो मला डोळा मारायला लागला. आणि एक ओरखडा नाही हो बसला! डेपोत त्याला शाबासकी मिळाली, गाडी किती सांभाळून चालवतो म्हणून.

विसाव्या दिवशी एक म्हातारी शेजारी येऊन बसली. ‘तुम्ही चष्मेवाले ना? बघा हो, हा सारखा नाकावरून घसरतोय.’ आता हात शिवशिवतात त्याला काय करणार — मी चष्मा घेतला, काडी जरा वाकवली, उजेडाकडे धरून बघितलं सरळ आहे का. तेवढंच. तेवढ्यात धाडकन. बस फुटपाथवर, आणि शाळेच्या भिंतीपुढची पोस्टाची पेटी आडवी. कुणाला काही झालं नाही. दहा मिनिटांनी शाळा सुटणार होती. दहा मिनिटांनी. म्हातारीचा चष्मा माझ्या हातात तसाच होता, आणि सरळ होता.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी भर दुपारी, शुद्धीत राहून, पत्र लिहिलं डेपोला. निनावी. त्याच्या तोंडावर नाही म्हणायची छाती नव्हती माझी. डाव्या हातानं लिहिलं, अक्षर असं आलं की मलाच लागेना. खाली ‘एक हितचिंतक’. टाकायला गेलो तर पेटी नाही — पेटी आम्हीच पाडली होती, पुढच्या चौकापर्यंत जावं लागलं. बस दुरुस्तीला गेली होती म्हणून कप्तान घरीच होता; चार दिवसांनी डेपो मास्तरांनी त्याला बोलावलं, पत्र वाचून दाखवलं, आणि पाठवलं कुठं, तर माझ्याकडेच. फेरतपासणीला. गावात दुसरा चष्मेवाला नाही ना. आता माझाही नाइलाजच झाला, लिहिलं खरं ते. डेपो मास्तर म्हणाले, महिन्यापूर्वी निर्दोष होते की हो? म्हटलं, डोळे कधी कधी एकाएकी जातात. ते म्हणाले, पत्र लिहिणाऱ्याचे आकडे मात्र तुमच्याशी तंतोतंत जुळले, कमाल आहे. म्हटलं, हो ना, कमालच आहे.

झाले त्याला चार महिने. कप्तान घरी बसला. पण एक वाजता येतो. रोज. काठी घेऊन, डबा घेऊन. आणि या बाकावर बसून त्या पत्र लिहिणाऱ्याला शिव्या घालतो. अहो, काय शिव्या! ड्रायव्हरच्या शिव्या त्या. ‘भित्रा साला, समोर येऊन बोलायला काय झालं होतं? बायकोच्या पदराआड लपून लिहिलं असेल.’ मी म्हणतो, हो रे, नीचच असणार. आणि चहा ओततो. काय करू? कळलं तर उठून जाईल. परत नाही येणार. एवढंच राहिलंय हो माझ्याकडे, एक ते दोन.

काय झालं? हसताय का?

नाही, नाव नव्हतं, म्हटलं ना तुम्हाला. गाव नाही, पत्ता नाही, धंदा नाही. बारीक सुगावासुद्धा ठेवला नाही. चार तर ओळी. चालक क्रमांक अमुक यांची दृष्टी — उजवा सहा-साठ, डावा सहा-छत्तीस, पडदा क्षीण, काचेने सुधारणा नाही, आपला एक हितचिंतक. यात कुठं माझं —

यात कुठं —

त्यांनी वाचून दाखवलं होतं त्याला. पहिल्याच दिवशी. आकड्यांसकट. आणि एकदा कानावर पडलं की त्याला सगळं पाठ.

म्हणजे चार महिने... रोज... माझा चहा पिऊन, माझ्याच तोंडावर... आणि मी हो रे हो रे करतोय.

आणि तरी येतो.

थांबा, बोलू नका. काठी. ऐकू आली? कोपऱ्यावर आला. उठा तुम्ही. नाही, फॉर्म राहू दे इथं, उद्या या, सकाळी या, पाऊण तास लागेल, दोन्ही डोळे नीट बघणार मी तुमचे. आज नाही. आज नाही म्हटलं ना! टोपी घ्या, आणि दारातून जरा बाजूला व्हा, त्याला यायचंय —

ये रे. पायरी आहे. एक. आता दुसरी. उंबऱ्यापाशी एक जण उभा आहे, चार नंबरचा नवा ड्रायव्हर, तरणा आहे, निघालाय तो. उजव्या हाताला बाक. मोकळा आहे. बस. आणि आज शिव्या मला नावानं दे.