डॉक्टरीणबाईंच्या कपाटांचे पैसे

करसल्लागाराच्या बाहेरच्या खोलीत माझ्या शेजारी एक सुतार आणि त्याची बायको बसली होती.

“कपाटांचं काम गेल्या वर्षी झालं खरं, पण पैसे हातात आल्याशिवाय आपण उत्पन्न धरत नाही.”

“अजून आलेच नाहीत?”

“नाही.”

“डॉक्टरीणबाई काल भेटल्या. म्हणाल्या, काम संपलं त्याच दिवशी सगळे दिले.”

“त्या विसरल्या असतील.”

“माझ्याकडे बघून बोला. कुणाला दिलेत?”

“घरी बोलू.”

“इथेच सांगा. धंदा दोघांचा आहे, सही मलाही करायचीय.”

“तुझ्या भावाला. त्याचं दुकान जाणार होतं. ताईला कळू देऊ नका म्हणाला.”

तिने पिशवीतून सहीसाठी पेन काढलं.

“आत सांगा, पैसे गेल्या वर्षीच आले. आणि मला कळलंय, हे त्याला कळू देऊ नका.”