हापचे खंबे

...आन् वरून मलाच इचारतेत, "आप्पा, देवाशपथ सांगा, त्या वेलात हाय तरी काय?" अरे, चार महिने झाले, तेच तर सांगून राहिलो! घसा बसला माझा! पर तुम्हाला सांगतो, आमच्या गल्लीत ह्या वीरण्णा आप्पानं "आज सोमवार हाय" म्हणलं तरी लोक घरात जाऊन कॅलेंडर बघून येतेत. चूक त्यांची न्हाई, माझी जीभच तसली. मागं एकदा परभणीकडचा एक बाप पोरीला घेऊन आला, चौकात मलाच गाठलं, "बाबा, पोरीला डॉक्टर करायचंय, लातूरचं लई नाव ऐकलंय, डोकं घडवणारा चांगला माणूस कोण हाय हितं?" म्यां सरळ न्हाव्याचं दुकान दाखवलं. अर्धा तास नंबर लावून बसला की बिचारा! पोरगी भाईर हसून हसून बेजार... तर असा मी. चौथी पास, पाचवीतून हाकललेला.

पर ह्या खेपेला, शिवाची आण, खरं बोललो. जल्मात पयल्यांदा. आन् खरं बोललो, तिथंच फसलो!

त्याचं काय झालं, आमची मालकीण, गौरम्मा, ही झोपत न्हाई. आजची गोष्ट न्हाई, भूकंपापासनं, बारा वर्षांची. किल्लारीपासून दोन कोसांवर आमचं गाव, दगडमातीचं घर. गणपती बुडवून आलो त्या राती मी जराशी... जराशी म्हणजे बरीच घेतली व्हती, आन् देवळाच्या पारावर आडवा झालो. ही पहाटं मला शिव्या द्यायला म्हणून घरातनं निघाली, पारापाशी आली, कमरंवर हात ठेवले, तोंड उघडलं... आन् मागं घर बसलं. तिची शिवी अर्धीच राहिली. आजपातुर पुरी झाली न्हाई. आता दारूनं वाचवलं म्हणायचं का तिच्या रागानं, तुम्हीच ठरवा. त्याच दिवशी तिच्या गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून म्हणलं, गौरे, पुन्हा थेंब न्हाई. न्हाई म्हणजे न्हाई. लातूरला आलो, पोरगा नोकरीला भाईरगावी, त्याच्या जागेत दोन खोल्या टाकल्या, वर एक भाडेकरू ठेवला, सगळं बैजवार बसलं. तिची झोप तेवढी तिकडंच ढिगाऱ्यात राहिली. रस्त्यानं उसाचा ट्रक गेला, फळीवरची भांडी वाजली, की ही उठून बसलीच! डॉक्टरनं गोळ्या दिल्या, तर म्हणते, "गोळी घेऊन झोपले आन् हाललं तर उठवणार कोण? तुम्ही?"

ह्या "तुम्ही"वर म्यां गोळ्यांची पुडी उचलून फळीवर ठेवून दिली.

वरचा भाडेकरू म्हणजे मुज्तबा सर. क्लासमधी झाडापाल्याचा इषय शिकवतेत, बॉटनी का काय ते. लई गुणी माणूस, एकच खोड, खोटं बोलता येत न्हाई. त्यांचा कोणी जुना विद्यार्थी हिमाचलात शिकायला गेलेला, त्यानं ओल्या पेपरात गुंडाळून चार मुळ्या धाडल्या. वाळल्या हळकुंडावानी. सर म्हणले, "आप्पा, ये हॉप्स है. इसके फूलां तकिये में भरे तो नींद आती बोलते."

माझ्या कानाला लागलं, हाप. म्हणलं, हाप तर हाप! माझ्या मनात लख्ख उजेड पडला. गोळी नगं, काढा नगं. फुलं यायची, वाळवायची, तिच्या उशीत भरायची, आन् तिला सांगायचंच न्हाई! सांगितलं तर पुन्हा "उठवणार कोण" हायेच. गुपचूप मामला. खोड्या करण्यात हयात गेली, एक खोडी पुण्याची करावी म्हणलं... आन् बोंबललं की हो सगळं!

कारण हा वेल जमिनीवर बसत न्हाई. सर म्हणले, पंधरा फूट वर चढतो, मांडव पायजे. म्हणून म्यां फोन लावला आमच्या सरदारभाईला. गंजगोलाईच्या मागं त्याचं वेल्डिंगचं दुकान. त्याच्याशी आपण त्याच्याच बोलीत बोलतो, दोस्तीखातर. आपण म्हणतो खांब, तो म्हणतो खंबा; आपण म्हणतो पायजे, तो म्हणतो होना. तर मी फोनवर, हळू आवाजात, तोंडापुढं हात धरून...

"सरदारभाई, चार हाप आलेत. आता खंबे होना. सहा खंबे. हाव हाव, मोठेच. मागच्या दारानं आणा, मालकिणीला कळता कामा नये. फूल आलं की तुम्हालाबी देतो!"

आन् गौरम्मा दाराआड!

आता तिनं काय ऐकलं बघा. दारूच्या दुकानात अर्धी बाटली म्हणजे हाप. अख्खी बाटली म्हणजे खंबा. चार हाप, सहा खंबे, मागचं दार, आन् वर सरदारभाईला फुल! मी फोन ठेवून मागं वळतो तर ही उभी. नुसतं म्हणली, "तोंड उघडा." उघडलं. हुंगलं. "काय वास न्हाई," म्हणली, "म्हणजे लई मुरलेलं काम हाय." घ्या! वास आला असता तर दारू, न्हाई आला तर मुरलेली दारू!

दुपारी हातगाड्यावर पाईप आले. मी म्हणलं, "हे बघ खंबे, लोखंडाचे हायेत, बाटलीचे न्हाईत!" तर हिनं समोरच्या नागुबाईला हाक मारली. ही नागुबाई म्हणजे गल्लीचा रेडिओ, फक्त बंद करायचं बटन न्हाई. दोघींनी पाईप आडवे केले, एका टोकाला नागुबाई डोळा लावून, दुसऱ्या टोकानं गौरम्मा झाडूचा दांडा खुपसून! "गौरक्का, दिसतंय का काही?" "तुझा डोळा दिसतोय." "बाटली न्हाई?" "असंल कुठं तरी मधी चिकटवलेली, ह्यांचा काय भरोसा?" पोकळ लोखंडात बाटली हुडकायला लागल्या बाया! आन् मी तिथंच उभा राहून खरं बोलतोय. तरी बी फसलो!

बरं, सरदारभाई मांडव उभा करायला आला. सहा पाईप गाडले, वर तार ओढली, तारेपासून खालपातुर सुतळ्या सोडल्या. खाली उतरून, मान मागं करून बघतो आन् म्हणतो, "आप्पा, ये मंडवा है के मोबाईल का टावर?" तेवढ्यात लोक जमले. दारापुढं मांडव म्हणल्यावर एक म्हणतो, लगीन कुणाचं? घरात लग्नाचं कोणी न्हाई, मग काय आप्पाच दुसरं करून राहिले का? दुसरा त्याच्याहून शाणा. तो कानाशी येऊन म्हणतो, "आप्पा, छप्पर न्हाई, नुसताच मांडव... पुन्हा भूकंप व्हणार हाय का? तुम्हाला कुठून तरी खबर लागलेली दिसती." म्यां ओरडून सांगितलं, "अरे, न्हाई! हे हापसाठी हाय!" तर म्हणतो, "हापसाठी एवढा मांडव? मग फुलला काय मंगल कार्यालय बांधता का?" आन् दिवेलागणीच्या आत चार घरच्या झोपायच्या बाजा अंगणात! मी न्हाई म्हणालो म्हणजे व्हणारच, असा त्यांचा हिशोब! खरं बोललो, तिथंच फसलो...

शेवटी म्यां गौरम्माला सगळं सांगून टाकलं. म्हणलं, गौरे, हे तुझ्या झोपेसाठी हाय. फुलं येतेत, तुझ्या उशीत भरतो. ती संतापली की तिची माहेरची कानडी निघती ती निघाली, "सुळ्ळु! सगळं सुळ्ळु!" सुळ्ळु म्हणजे खोटं. म्हणली, "तीस वर्षांत माझ्यासाठी एक गजरा न्हाई आणला, आन् आता पंधरा फुटांचा मांडव घातला? लेकरू समजता का मला?"

आता ह्यात तिचं तरी काय चुकलं, सांगा! गजरा खरंच न्हाई आणला.

मग ती गेली मुज्तबा सरांकडं. म्हणली, "सर, तुम्ही शिकलेले. हे झाड कसलं?" मी मागनं डोळे मारून राहिलो, हात जोडून राहिलो. पर सर पडले सर! फळ्यापुढं उभं राहिल्यावानी उभे राहिले आन् म्हणले, "अम्मा, हे आणि गांजा एकाच कुळातले."

"आन् ह्याचं करतेत काय?"

"बीअरमध्ये घालतात, अम्मा."

संपलं! सर, अवो सर, उशीचं आधी सांगायचं का न्हाई? ते बी सांगितलं त्यांनी, पर कवा? ती जिना उतरून खाली आल्यावर! खाली येऊन मला म्हणली, "कुळ बघूनच सोयरीक करावी, म्हणतेत ते काय उगंच न्हाई. गांज्याची भावकी दारात आणून ठेवली! झाडाला फूल येऊ द्या. त्यातनं दारू निघाली, का मी उदगीरला गुरुबसप्पाकडं." गुरुबसप्पा तिचा भाऊ. "आन् गेले की गेले. ह्या लिंगावर हात ठेवला व्हता तुम्ही." एवढं म्हणताना तिचा आवाज हालला, आन् मला, तुम्हाला सांगतो, हसूच येईना. मला! हिनं बारा वर्षं माझ्या एका शब्दावर संसार ओढला आन् तो शब्द गेला म्हणून ही चालली, आन् तो गेलेलाच नव्हता!

आता सगळं त्या फुलावर. आन् फूल येईना! वेल रोज वीतभर चढायचा, सुतळीला गरागरा वेढे घालून टोकाला जाऊन बसला, पर फुलाचं नाव न्हाई. सर म्हणले, ह्याला लांब दिवस लागतो, लातूरचा दिवस कमी पडतो. उपाय काय? ट्यूबलाइट! मांडवाला दोन ट्यूबा बांधल्या, अंधार पडला की लावायच्या. घ्या! ह्या गावात पोरं अभ्यासिकेत ट्यूबखाली बसून राहिलीत, आता वेल पण! नागुबाई म्हणली, "कोणत्या क्लासला घातलंय आप्पा?" म्यां म्हणलं, सरांच्याच. आन् भारनियमनात वीज गेली की सर कासावीस, "आज का पोर्शन रह गया!"

आन् आला की वो पठ्ठ्या फुलावर! हिरवी, खवल्याखवल्याची, सीताफळाच्या पिल्लांवानी. पुरे दोन ओंजळी. सुपात वाळवली, कापसात मिसळून एक चपटी उशी शिवून घेतली आन् तिच्या पुढ्यात ठेवली. ती पिशवी भरूनच बसली व्हती. रिक्षाला सांगितलेलं, दुपारची उदगीर गाडी. म्हणलं, गौरे, दारू असंल तर हितंच सापडंल. हुंग.

ती म्हणली, "हुंगतेच. आज तुमचं पितळ उघडं पाडूनच जाते."

वाकली. नाक लावलं. "कडवट हाय कायतरी..." म्हणली. नीट वास यावा म्हणून आडवी झाली. पुन्हा नाक लावलं. "ही... ही दारू न्हाई तर..."

आन् घोरायला लागली!

मी हालत न्हाई. श्वास घेत न्हाई. रस्त्यानं उसाचा ट्रक आला, फळीवरची भांडी खणाखणा वाजली, एक तांब्या तर खाली पडला, आन् ही... ही घोरतेय! बारा वर्षांनी. म्यां तांब्या उचलला, आन् तुम्हाला सांगतो, पुन्हा वाजायला नगं म्हणून तो पोटाशी धरूनच उभा राहिलो. दारात रिक्षावाला हॉर्न मारू लागला, त्याला हातानंच परत लावला. पर नागुबाईनं खिडकीतनं बघितलं, आन् लागला की रेडिओ, "धावा गं धावा! आप्पानं गौरक्काला पाजली!" अख्खी गल्ली दारात! एक जण पाणी मारा म्हणतो, एक जण कांदा लावा म्हणतो, मी सगळ्यांच्या पाया पडतोय, अरे गप बसा, झोपलीय ती, नुसती झोपलीय!

पाच वाजता तिनं डोळे उघडले. एवढी माणसं बघून म्हणली, "कोण मेलं?"

नागुबाई म्हणली, "गौरक्का, तीन तास झाले, तुम्ही बेशुद्ध!"

आन् आमची गौरम्मा उठून बसली, पदर सारखा केला, सगळ्यांकडं एकदा बघितलं आन् म्हणली, "मी झोपलेच न्हाई. सोंग घेतलं व्हतं. ह्यांच्या खोड्या काय ह्यांनाच येतेत?"

आता बोला! तीन तास सोंग? तोंडातनं लाळ गळेपातुर सोंग? म्यां म्हणलं, बरं बाई, झोपली न्हाईस ना, मग उशी काय कामाची? आण इकडं, टाकून देतो.

तर उशी छातीशी घट्ट धरली. म्हणली, "न्हाई देणार. पुरावा हाय तो. तपास व्हईपातुर माझ्यापाशीच राहील."

तवापासनं रोज जेवणं झाली, की दोन ते पाच, पुराव्यावर डोकं ठेवून तपास चालू हाय. उदगीरची गाडी रोज सुटते, तिची पिशवी रोज म्हणते उद्या. आन् आरोपी? आरोपी भाईर दगडावर बसून रिक्षावाल्यांना हात जोडून राहिलाय... "बाबांनो, हळू जावा रे. आत चौकशी चालू हाय."