मोंबासाच्या आधी कुरवंडे

लीलाबाई : ...आणि तिथं वाट चुकलात तर? केनियात कोण तुमच्याशी मराठी बोलणार आहे?

हौशीराम : चुकायला वाट आहे कुठं? मुंबईला बोटीत बसायचं, मोंबासाला उतरायचं. संध्याकाळी तिथनं नैरोबीची गाडी. सकाळी खिडकी उघडली की दोन्ही अंगांना जनावरं! हत्ती, जिराफ, सिंह. आमच्या शेडमधला अंबाजी तिकडं नोकरीला गेला होता, त्यानं डोळ्यांनी बघितलंय. सिंह रुळांवर आडवा पडलाय आणि ड्रायव्हर शिट्टी मारतोय. मी सगळी नोकरी कोळशाच्या इंजिनावर केली, दौंड ते सोलापूर. माझ्या रुळांवर काय आलं? म्हशी.

लीलाबाई : मग जोडीला कुणाला तरी न्या.

हौशीराम : एकट्यानंच जायचं. जन्मभर दुसऱ्याच्या टाइमटेबलावर गाडी हाकली. आता पेन्शनीत तरी कुठं थांबायचं ते मी ठरवीन. म्हणून तर ही तालीम. रानात चालायचं, गप बसायचं, जनावराची वाट बघायची. वाटाड्या म्हणून कुरवंड्याचा नवसू आहे. तू कशाला आलीस ते काही कळलं नाही मला.

लीलाबाई : आले. घरी बसवेना.

नवसू : डायवरभाऊ, दमानं चाला. ह्या अंगाला वाघरू फिरतंय.

हौशीराम : काय म्हणालास? इकडं बघून बोल.

नवसू : बिबट्या वो. म्हातारा झालाय, एका पायानं लंगाडतोय. शिकार जमंना म्हून वाडीत शिराय लागलाय.

हौशीराम : दिसू दे की! सिंहाआधी बिबट्या. मी होतो पुढं.

नवसू : थट्टा न्हाई, भाऊ. परवा बायडाबाईची शेळी नेली, पार दारातनं!

हौशीराम : वेळ? कसली वेळ झाली? ऊन बघ अजून किती आहे. नागफणीच्या कड्यावर डबा खाऊ, मग उतरू. या तुम्ही सावकाश.

नवसू : वहिनी, म्या शेळी म्हनलं.

लीलाबाई : ऐकलं मी.

नवसू : मंग भाऊ आसं काय...

लीलाबाई : तुझ्याकडं पाठ होती त्यांची. समोरून बोललास तर ओठांवरून ओळखतात. पाठ फिरली की संपलं.

नवसू : आरं द्येवा. कानानं गेलं व्हय?

लीलाबाई : अख्खा जन्म बॉयलरशेजारी गेला. मागच्या आठवड्यात यार्डातून घरी येत होते. पाठीमागून शंटिंगचं इंजिन. शिट्टीवर शिट्टी. गोरख पॉइंट्समननं दंडाला धरून ओढलं म्हणून वाचले. घरी येऊन मला काय सांगावं? गोरख हल्ली फार धसमुसळा झालाय!

नवसू : त्येनला सोताला ठावं हाय का?

लीलाबाई : मी विचारत नाही, ते सांगत नाहीत. आणि निघालेत समुद्रापलीकडं, एकटे.

नवसू : वहिनी, थांबा. बोलू नका.

लीलाबाई : काय रे?

नवसू : आयकू आलं? त्या उंबरावर.

लीलाबाई : कुणीतरी खोकतंय.

नवसू : वानर हाय त्ये. खाली काय तरी दिसल्याबिगर आसं करत न्हाई. भाऊ कुटं गेलं?

लीलाबाई : तिकडं, कड्यावर. बसलेत बघ, आपल्याकडं पाठ करून. अहो! अहो, या इकडं!

नवसू : पळू नका, वहिनी! हितंच ऱ्हावा. भाऊंच्या वरल्या अंगाला कारवी बगा. हालतीया.

लीलाबाई : वारा असेल.

नवसू : मंग बाकीची का हालंना?

लीलाबाई : नवसू... दिसला मला.

नवसू : व्हय.

लीलाबाई : यांच्याकडंच बघतोय रे तो.

नवसू : बसलेलं मानूस त्येला बारकं दिसतं, शेरडावानी. भाऊ उबं ऱ्हायलं तर बिचकंल. उटवा त्येनला!

लीलाबाई : अहो, उठा! उठा म्हणते ना! मागं बघा! देवा रे, डब्याची गाठ सोडतायत. नवसू, तो पुढं आला. पोट भुईला लावून सरकतोय.

नवसू : हाऽऽड! हाऽऽड! बगा, मानसाच्या वरडण्याला भीत न्हाई. लय उपाशी हाय. सरा, वहिनी, दगूड टाकतो.

लीलाबाई : त्यांना लागेल! खाली कडा आहे!

नवसू : त्येंच्या म्होरं टाकतो. नजरंला तरी पडंल.

[दगड खडकावर आपटून दरीत जातो. हौशीराम दचकून उभा राहतो.]

हौशीराम : कोण रे तो? दगड कसला मारतोस? दरीत गेलो असतो ना!

नवसू : हिकडं या, भाऊ! हात वर करा! वर!

हौशीराम : आणि दोघं हात काय नाचवताय? आलो, आलो!

लीलाबाई : गेला का रे?

नवसू : कारवीत शिरला. लांब न्हाई गेल्याला.

हौशीराम : हे बघ, एकटा बसलो, काही झालं का मला? काय शांतता होती म्हणून सांगू! तिकडं असंच बसता आलं पाहिजे. तू उगाच जिवाला घोर लावून घेतेस. अगं, रडतेस कशाला?

लीलाबाई : माझ्या तोंडाकडं बघा. तुमच्या मागं बिबट्या होता.

हौशीराम : मागं? कुठं?

लीलाबाई : त्या कारवीपाशी. घसा फाटेस्तोवर हाका मारल्या मी. नवसूनं मारल्या. वर झाडावर वानर ओरडत होतं.

हौशीराम : वानर?

लीलाबाई : अजून ओरडतंय.

हौशीराम : ...मोठा होता का गं?

लीलाबाई : होता.

हौशीराम : आणि मी खाली घाटातली मालगाडी बघत बसलो.

लीलाबाई : चला आता.

हौशीराम : आधी चिमण्या गेल्या. मला वाटलं, लोणावळ्यातल्या चिमण्याच कमी झाल्या. मग तुझ्या बांगड्या. डोळे अजून शाबूत आहेत, तोवर सगळं बघून यावं म्हटलं. बरोबर कुणी आलं असतं तर त्याला दोन दिवसांत कळलं असतं. मग मला कोण जाऊ देणार होतं?

लीलाबाई : मला कधीचं कळलंय.

हौशीराम : आणि बोलली नाहीस?

लीलाबाई : तुम्ही तरी कुठं बोललात?

नवसू : वहिनी, मागनं बोला, आदी चाला. भाऊंना म्होरं घ्या. मी मागं ऱ्हातो.

हौशीराम : काय म्हणतो तो?

लीलाबाई : पुढं व्हा म्हणतो. नको, माझ्या बरोबरीनं चला. हात द्या इकडं.

हौशीराम : मोंबासाला कोण हात धरणार आहे माझा? राहू दे. संपला तो विषय.

लीलाबाई : पासपोर्टाला फोटो लागतो म्हणाला होतात ना?

हौशीराम : माझा काढून झालाय.

लीलाबाई : माझा कुठं झालाय?

नवसू : वहिनी, वानरं आयका.

लीलाबाई : ऐकते आहे. मघाशी उंबरावर होती. आता इथं कशी?

नवसू : झाडावरनं आपल्यासंगं चालल्यात. वरडायची थांबना झाल्यात. म्हंजी वाघरू बी संगं चाललंय.

हौशीराम : काय गं? तुझा हात एवढा गार का पडला?

लीलाबाई : काही नाही. फोटोत डोक्यावर पदर चालतो का हो, विचारते मी!

नवसू : आसंच बोलत ऱ्हावा, वहिनी. मोट्यानं. आनि मागं बगू नका.