दाजींनी तपासलेली सायकल

आमच्या दाजींचा अंदाज कधी चुकत नाय, हे आधी ऐकून घ्या. दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे मालक, फुलंब्रीचे. तळहातावर नारळ घेऊन लोकांच्या रानात पाणी बघतात. मागच्या दुष्काळात त्यांनी दाखवलेल्या प्रत्येक जागी बोअर घेतला, अन् प्रत्येक बोअरमधून लई झकास धुराळा निघाला.

इकडं शहरात, आमच्या उस्मानपुऱ्यात, नळ आठवड्यानं यायचा. मी माझ्या जुन्या गिअरच्या सायकलीला कॅन लटकवून प्यायचं पाणी आणायचो. एक दिवस पायडल जाम. दोन्ही पायडलांना जोडणारा मधला एक्सल काढावा, तर त्याला धरून ठेवणारा आट्यांचा कप हलेना.

नेमके दाजी आले. पान्याला लोखंडी पाइप लावून त्यावर लोंबकळले.

"दाजी, ह्या बाजूचे आटे उलटे असतात. तुम्ही आवळायलात."

"मला शिकवू नको. मी ट्रॅक्टर खोललेत."

"कॅनचं पाणी आत झिरपून गंजलं असंल."

दाजींनी सायकलीवर तळहात ठेवला, डोळे मिटले. "आत पाणी? थेंब नाय. लिहून घे."

ते दमून बाजेवर टेकल्यावर मी तोच पाइप लावून पाना उलटा फिरवला. कप करकरत सुटला अन् सायकलीच्या नळीतून गंजाचं तांबडं पाणी भळाभळा फरशीवर आलं.

बायको चहा घेऊन दारातच थांबली. तिनं फरशी बघितली, मग अगदी गोडीत म्हणाली,

"दाजी, आता असंच करा. तुम्ही जिथं थेंब नाय म्हणाल, तिथंच बोअर घेत जाऊ."